खुर्चीच्या पायातलं भोक

गंज आलेली खुर्ची मी आधी बघत नाही, वाजवतो. बोट मुडपून पेराने पाइपवर टकटक करायचं. धड पाइप मोकळा वाजतो, देवघरातल्या लहान घंटेसारखा. आतून खाल्लेला पाइप नुसतं 'टक्' म्हणतो आणि गप्प होतो, वरचा रंग कितीही चकचकीत असू दे. गेली सत्तावीस वर्षं मी बंगळूरातल्या गच्च्यांवर, बाल्कन्यांत आणि बागांत वाकून लोकांच्या खुर्च्या वाजवत हिंडतो आहे. आमच्या बनशंकरीतल्या एका अपार्टमेंटचा वॉचमन तर मला बघितलं की वर फोन लावतो, "मेडम, कुर्ची डाक्टरु बंदरु." खुर्चीचे डॉक्टर आले. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चला, घरात एक तरी डॉक्टर झाला."

मी बोलका माणूस नाही. बायको म्हणते, तुमच्या तोंडालाच प्राइमर मारलाय. त्यामुळे आपल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकांचा फोन आला, "रघूअण्णा, धंद्यातल्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडतं," तेव्हा मी नेहमीप्रमाणे 'बघू' म्हणणार होतो. पण 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणालो. गमतीजमती आहेत, त्या लिहितो. शिवाय एक गोष्ट त्यांना न सांगता लिहिणार आहे.

मंडळाच्या याच वार्षिक अंकात आठ वर्षांपूर्वी 'चिमटे' नावाच्या पानावर एक ओळ आली होती. 'आपल्या एका ज्येष्ठ अक्कांचं वजन म्हणे लोखंडालासुद्धा पेललं नाही!' त्या अक्का म्हणजे जे. पी. नगरच्या सरोजअक्का, हे मंडळात कुणाला सांगावं लागलं नाही. सगळे हसले. अक्काही हसल्या. मीही हसलो. ती ओळ साफ खोटी होती, आणि हे या शहरात दोनच माणसांना माहीत होतं. एक मी आणि दुसरी मुनियम्मा.

मुनियम्मा माझ्याकडे पहिल्या दिवसापासून घासायचं काम करते. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, तरी मला अण्णाच म्हणते. तिच्या हाताला आहे तशी पारख मी कुठल्या मशीनला बघितली नाही. डोळे मिटून पाइपवरून तळवा फिरवते आणि सांगते, "इथे अजून आहे." तिथे खरंच गंज असतो.

आमचं काम बाहेरच्या माणसाला वाटतं तेवढं रंगाचं नाहीच. रंग शेवटच्या दिवशी लागतो, तासाभरात होतो. खरं काम त्याआधीचं. उघड्यावरच्या खुर्चीच्या रंगाला कुठे तरी बारीक चीर पडते, त्यातून पाणी आत शिरतं, रंगाखाली गंज धरतो आणि रंगाला फोड येतो. लोक काय करतात? दुकानातून छोटा डबा आणतात आणि फोडावरच ब्रश फिरवतात. दोन महिने छान दिसतं. मग फोड मोठा होतो, कारण गंज खाली मजेत असतो, त्याला वरून पांघरूणच मिळालेलं असतं. म्हणून आम्ही आधी तो फोड फोडतो. पोपडे पत्र्याने खरवडतो, मग तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, आधी जाड आणि नंतर बारीक. लोखंडात सुईच्या टोकाएवढे खड्डे पडलेले असतात. त्यांत काळी कणी दडून बसते, ती कोरून काढावी लागते. सगळं धुवायचं, उन्हात वाळवायचं, थिनरने पुसायचं आणि त्याच दिवशी, पुन्हा सांगतो, त्याच दिवशी लाल प्राइमर मारायचा. बंगळूरच्या हवेत नागडं लोखंड एका रात्रीत पिवळं पडतं. 'उद्या मारू' म्हणणाऱ्याने या धंद्यात येऊ नये.

हे सगळं मी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत शिकलो. तिथे इस्पितळाचे पलंग बनवणारा एक छोटा कारखाना होता, त्याच्या रंगखात्यात मी होतो. तिथला फोरमन फार कमी बोलायचा आणि जे बोलायचा ते दोनदा. त्याचे दोन नियम होते. प्राइमर त्याच दिवशी. आणि पाइपचं खालचं भोक कधी बुजवायचं नाही. दुसऱ्या नियमाकडे येतो. थोडं थांबा.

आता गिऱ्हाइकं. एका उंच इमारतीत नव्याने राहायला आलेलं पुण्याचं जोडपं होतं, दोघंही संगणकातली. बाल्कनीसाठी त्यांनी जुन्या बाजारातून दोन लोखंडी खुर्च्या आणल्या होत्या. मी खुर्च्या नेल्या, आम्ही दोन दिवस घासल्या, लोखंड आरशासारखं केलं. तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन.

"काका, तो गंज सगळा काढू नका हं. आम्हाला तो रस्टिक लुक ठेवायचाय."

"ताई, सगळा निघाला."

"अय्यो! म्हणजे... अरे बापरे. काका, परत आणता येईल का?"

बंगळूरला येऊन वर्ष झालं नव्हतं पण 'अय्यो' शिकल्या होत्या, याचं मला कौतुक वाटलं. मुनियम्माला सांगितलं, गंज परत हवाय. ती हातातला ब्रश टाकून पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली. "अण्णा, वीस वर्षं गंज काढला, आता पेरायचा?" पेरला. मिठाचं पाणी शिंपडून खुर्च्या अंगणात ठेवल्या. बाकीचं काम बंगळूरच्या भुरभुर पावसाने केलं. चार दिवसांत खुर्च्या पन्नास वर्षांच्या झाल्या. वरून पारदर्शक लाखेचा हात दिला आणि पोचवल्या. जोडपं खूश. पुढच्या वर्षी फोन, "काका, आता खुर्चीवर खरा गंज आलाय, तो तेवढा काढून द्या. आमचा आहे तो राहू दे."

दुसरे एक निवृत्त मेजरसाहेब. त्यांचा माणसांवर विश्वास नव्हता, चुंबकावर होता. काम झालं की खिशातून चुंबक काढून खुर्चीभर फिरवायचे. खड्डा पुट्टीने भरून वर रंग मारला असेल तर तिथे चुंबक धरत नाही, सुटून पडतो. धंद्यातली ही सगळ्यात सोपी लबाडी आहे, आणि ती पकडायची सगळ्यात सोपी युक्ती. "यू आर अ क्लीन मॅन," ते मला म्हणायचे. मला ते फार आवडायचं. नंतर नंतर मात्र त्यांनी चुंबक काढला की माझी नजर जमिनीकडे जायची. त्यांना काय माहीत.

झोपाळ्याच्या कड्या, बागेतले बगळे, लग्नाच्या हॉलची बाकं, आयुधपूजेच्या आधीची धांदल, यांवर आणखी चार पानं सहज होतील. पण मग मी नेहमीसारखा मूळ गोष्टीला बगल देईन. मला माझा स्वभाव माहीत आहे.

सरोजअक्का व्हायोलिन शिकवायच्या. आमच्यासारखंच जुनं बंगळूरी मराठी घर, तीन पिढ्या इथल्या. घरात बोलणं मराठी, भांडण कन्नडमध्ये आणि संगीत कर्नाटक. लग्न केलं नाही. संध्याकाळी चार वाजल्यापासून त्यांच्या गच्चीवर मुली मांडी घालून बसायच्या, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवून. खाली रस्त्यावरच्या भाजीवालीलासुद्धा पहिले दोन पाठ येत होते. शिकवणी संपली की अक्का गच्चीच्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या पाइपच्या खुर्चीत बसून चहा प्यायच्या. अशा चार खुर्च्या होत्या. त्या चारही मी रंगवायचो.

अक्का कुणाचं सहसा कौतुक करायच्या नाहीत. मुलींना म्हणायच्या, "बरं. पण कानाला विचारलंस का?" मला मात्र एकदा म्हणाल्या, "रघू, तुझ्या कामात डाग शोधून सापडत नाही रे." ते वाक्य मी किती दिवस डोक्यात घोळवलं ते सांगायला लाज वाटते. त्यामुळे पुढच्या खेपेला त्या म्हणाल्या, "सगळं छान आहे, पण पाऊस झाला की पायांखाली फरशीवर तांबडे डाग पडतात. ते तेवढं बघ," तेव्हा मला ते लागलं.

डाग पडणारच होते. पाइपच्या खुर्चीच्या प्रत्येक पायाला खाली, आतल्या अंगाला, काडी जाईल एवढं भोक असतं. पाइपच्या जोडांना कितीही चांगलं वेल्डिंग केलं तरी केसाएवढी फट कुठे तरी राहते. पावसाचं पाणी तिथून आत जातं आणि खालच्या भोकातून बाहेर येतं. येताना थोडा तांबडेपणा घेऊन येतं. थेंब पडतो, डाग पडतो. ती खुर्चीच्या तब्येतीची खूण आहे. हे अक्कांना सांगायला मला दोन मिनिटं लागली असती.

मी सांगितलं नाही. खुर्च्या माझ्या कामाच्या शेडमध्ये आणल्या, घासल्या, दोन डब्यांतली कालवून लावायची कडक पुट्टी घेतली आणि चार खुर्च्यांच्या सोळा पायांची सोळा भोकं बुजवली. वरून बारीक पेपर मारला, रंग मारला. बोट फिरवलं तरी लागेना. मुनियम्मा शेजारी उभी राहून बघत होती.

"अण्णा, नीरु एल्लि होगबेकु?" ती म्हणाली. पाणी जायचं कुठे?

"सुम्ने इरी," मी म्हणालो. गप्प बस.

मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. फोरमनने प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितली होती. मला फक्त त्या गच्चीवर 'डाग सापडत नाही' हे वाक्य आणखी एकदा ऐकायचं होतं. ऐकलं. "वा रघू," अक्का म्हणाल्या, "एक थेंब नाही."

तिसऱ्या पावसाळ्यानंतर एका सकाळी अक्कांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच खणखणीत.

"रघू, रागावू नकोस हं. तुझी खुर्ची मोडली मी."

मी गेलो तर त्यांच्या डाव्या हाताला प्लास्टर. आदल्या दिवशी चहा पीत बसल्या असताना खुर्चीचा एक पाय खालून दुमडला आणि त्या डाव्या हातावर पडल्या. कप फुटला नाही, हे त्या कौतुकाने सांगत होत्या. मी खुर्ची उलटी केली. पाय जमिनीपासून चार बोटांवर तुटला होता. आतून पाइप कागदासारखा झालेला, ओला, चहाच्या चोथ्यासारखा गंज भरलेला. आणि टोकाला माझी पुट्टी. गुळगुळीत, जशीच्या तशी. पाइप गेला होता, पुट्टी शाबूत होती.

"काय झालं असेल रे?" अक्कांनी विचारलं.

तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण त्यातून जे बाहेर आलं ते असं, "जुना माल आहे अक्का. त्यात वजन एका बाजूला आलं असेल."

वजन हा शब्द माझा. अक्कांनी तो उचलला, हसत हसत मंडळात सांगितला, तिथून तो 'चिमट्यां'त गेला. मी ती मोडकी खुर्ची 'भंगारात टाकतो' म्हणून घेऊन आलो. तुटलेला तुकडा टाकला नाही. तो अजून शेडच्या कपाटात आहे.

प्लास्टर निघालं, पण मनगट पुरतं वळेना. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढंच. तेवढ्यावर चपाती लाटता येते, कुलूप उघडता येतं. व्हायोलिनच्या तारेवर मात्र हात खाली-वर फिरायला लागतो, तो फिरेना. काही महिने अक्कांनी तोंडाने गाऊन शिकवलं. मग एकेक मुलगी दुसरीकडे पाठवली. व्हायोलिनची पेटी कपाटावर गेली. भाजीवालीने एकदा मला विचारलं, "अक्काचं संगीत का बंद?" मी म्हणालो, "वय." आणि कोथिंबीर न घेताच पुढे गेलो.

अक्कांनी गोड सोडलं. श्रीखंड त्यांचा जीव की प्राण. मंडळाच्या पाडव्याच्या जेवणात वाटी समोर आली की त्या ती माझ्याकडे सरकवायच्या, "खा रे, मला परवानगी नाही. खुर्च्या महाग झाल्यात." पंगत हसायची. आठ पाडवे मी ते श्रीखंड खाल्लं. ते कसं लागायचं ते लिहीत नाही.

मी काहीच केलं नाही असं नाही. उरलेल्या तीन खुर्च्या 'फुकट सर्व्हिसिंग' म्हणून आणल्या आणि बाराही भोकं ड्रिलने मोकळी केली. डाग पुन्हा पडायला लागले. अक्का म्हणाल्या, "हे काय परत?" मी म्हणालो, "पायांखाली करवंट्या ठेवा." त्यांनी ठेवल्या. मला वाटलं, झालं, आता कुणाला धोका नाही, आता न सांगितलं तरी चालेल.

मुनियम्माला तसं वाटत नव्हतं. ती मला कधी काही म्हणाली नाही. पण त्या दिवसापासून शेडमधून जाणाऱ्या प्रत्येक खुर्चीच्या प्रत्येक भोकात ती एक काडी घालून फिरवते आणि माझ्याकडे बघते. आयुधपूजेला आम्ही तारेचे ब्रश, पत्रे, ड्रिल मांडून हळदकुंकू लावतो. त्या वर्षी तिने त्या ओळीत शेवटी आगपेटीतली एक काडी ठेवली आणि तिलाही कुंकू लावलं. तेव्हापासून दर वर्षी लावते. मी दर वर्षी त्या काडीला नमस्कार करतो.

यंदा श्रावणात अक्कांचा फोन आला. "रघू, पंचाहत्तरी आहे माझी. जुन्या मुली येणार आहेत, मुली कसल्या, बायका झाल्या आता. सगळ्या गच्चीवर बसणार. तुझ्या तीन खुर्च्या चमकवून दे."

मी आणि मुनियम्मा गेलो. गच्चीवर नवी फरशी, दुधासारखी पांढरी. गेल्या वर्षी घातली म्हणाल्या. करवंट्या गायब. मी वाकलो, पहिली खुर्ची वाजवली. टक्. दुसरी. टक्. मुनियम्माने केसांतून काडी काढली, खाली बसली आणि भोकात घालायला गेली. काडी आत जाईना. तिने नखाने खरवडलं, तर मेण.

"ते मीच बुजवलंय," अक्का मागून म्हणाल्या. "मेणबत्ती वितळवून. नव्या फरशीवर डाग पडायला लागले ना. तू नाही का पूर्वी पुट्टीने बुजवलं होतंस? मोडक्या पायाच्या टोकाला दिसली होती मला. तेव्हा कसं छान राहिलं होतं. एक थेंब नाही."

मुनियम्माने मेणाचा तुकडा उपसून काढला. आतून काळपट तांबडं पाणी भसकन आलं आणि पांढऱ्या फरशीवर पसरत अक्कांच्या चपलांपर्यंत गेलं.

"अय्यो, माझी फरशी! मुनियम्मा, फडकं आण!"

मुनियम्मा हलली नाही. ती माझ्याकडे बघत होती. वाढदिवसाला या खुर्च्यांत कोण कोण बसणार होतं हे आम्हाला दोघांनाही कळत होतं.

"अक्का," मी म्हणालो, "ती खुर्ची तुमच्यामुळे मोडली नव्हती."

"कुठली?"

"ती. आठ वर्षांपूर्वीची. हे पाणी आतच राहिलं की पाइप आतून खातं. भोक त्याच्यासाठी असतं. मी ते बुजवलं. बुजवू नये हे मला माहीत होतं. तरी बुजवलं."

"का?"

"तुम्ही डाग आहे म्हणालात म्हणून."

अक्का खुर्चीत बसायला गेल्या, मध्येच थांबल्या आणि कठड्याला टेकल्या.

"आणि वजन?"

"ते मी बनवून सांगितलं."

अक्कांनी चप्पल तांबड्या पाण्यातून मागे घेतली. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे आठ वर्षं मी श्रीखंड खाल्लं नाही, ते उगीच?"

"तुमचं वजन ठीक होतं, अक्का."

"ठीक कसलं, जास्तच होतं. पण ते खुर्चीने बोलायचं कारण नव्हतं." मला वाटलं त्या हसतील. हसल्या नाहीत. डावा हात समोर धरून मनगट वळवलं, जिथवर वळतं तिथवर. "आणि हे?"

"हे माझं," मी म्हणालो.

त्या आत गेल्या. चहाचा एकच कप घेऊन बाहेर आल्या आणि तो मुनियम्माच्या हातात दिला. "तुला आज चहा नाही, रघू." एवढ्या वर्षांत त्या घरून मी पहिल्यांदा चहा न घेता निघत होतो. त्याआधी फरशी पुसली. मुनियम्मा कठड्याशी बसून सावकाश चहा पीत होती आणि इथे राहिलंय, तिथे राहिलंय, हे बोटाने दाखवत होती.

जिना उतरताना अक्का वरून म्हणाल्या, "वजन तू म्हणालास, ते मंडळाच्या अंकात छापून आलं. आता हेही तिथेच येऊ दे. नाव घालून."

रिक्षात तीन खुर्च्या मांडीवर-पायाशी घेऊन आम्ही दोघं बसलो होतो. बनशंकरीचं देऊळ गेल्यावर मुनियम्मा म्हणाली, "ईग हेळिद्रा?" आत्ता सांगितलंत? आणि बाहेर बघायला लागली. आठ वर्षांत त्या विषयावर ती बोललेलं तेवढंच.

खुर्च्या मी पीण्याला नेल्या, वाळूच्या माऱ्याने रंग आणि गंज साफ उडवून घेतला. एका खुर्चीचे दोन पाय आतून गेलेले निघाले, बाकीचे साठलेल्या पाण्यानेच बद्द वाजत होते. तिथला पाइप कापून नवा जोडला. पुट्टीचा डबा उघडला नाही. जिथे खड्डे होते ते खड्ड्यांसकट रंगवले. बाराही भोकं उघडी ठेवली, आणि मुनियम्माने काडी फिरवली. या वेळी ती माझ्याकडे बघायची विसरली.

वाढदिवसाला जावं की नाही कळत नव्हतं. अक्कांचाच फोन आला, "खुर्च्या देणार आहेस की तुझ्याकडेच वाढदिवस करू?" गेलो. गच्ची भरलेली होती. सात-आठ जणी आपापली व्हायोलिनं घेऊन आल्या होत्या. अक्कांनी वाजवलं नाही. एकेकीचं वाद्य हातात घेऊन उजव्या हाताने खुंट्या पिळून तारा तेवढ्या लावून दिल्या. "बरं. पण कानाला विचारलंस का?" त्या पन्नाशीतल्या बायकाही मान खाली घालून हसल्या. जेवणात श्रीखंड होतं. अक्कांनी दोन वाट्या खाल्ल्या, दोन्ही माझ्याकडे रोखून बघत.

हा लेख पाठवायच्या आधी त्यांना वाचून दाखवला, तशी अटच होती. त्यांनी एक वाक्य खोडायला लावलं. मी लिहिलं होतं की अक्का फार सुंदर वाजवायच्या. "बरं वाजवायचे," त्या म्हणाल्या. "आता आणखी खोटं नको." बाकी सगळं राहू दे म्हणाल्या. माफ केलं का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

वाढदिवसानंतर एका संध्याकाळी जोराची सर आली. थांबल्यावर दहाव्या मिनिटाला फोन वाजला.

"रघू, तुझ्या खुर्च्यांनी माझी फरशी घाण केली आहे."

"करवंट्या ठेवा ना, अक्का."

"करवंट्या नाहीत माझ्याकडे. येऊन पुसून जा."

तेव्हापासून पाऊस झाला की मी स्कूटरच्या डिकीत फडकं टाकून जे. पी. नगरला जातो. बारा डाग असतात. मी गुडघ्यांवर बसून एकेक पुसतो, अक्का कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून मोजतात. चहा अजून मिळालेला नाही.